न नेलेले फोटो

स्टुडिओ बंद होऊन सात वर्षं झाली, तरी त्यांना सगळे फोटोकाकाच म्हणायचे. त्यांच्या त्या जागी आता मोबाइलची कव्हरं विकणारं दुकान होतं. काका तिथून जाताना मान वळवून न बघण्याची खबरदारी घ्यायचे आणि दरवेळी बघायचेच. चौतीस वर्षं एकाच खोलीत लोकांना स्टुलावर बसवून ‘हनुवटी जरा खाली... आणखी थोडी... श्वास सोडा’ म्हणणाऱ्या माणसाला, ज्याच्या-त्याच्या खिशात कॅमेरा आल्यावर, कोण विचारणार? गिऱ्हाईक आटत आटत शेवटी आठवड्याला एक-दोन माणसांवर आलं. मग एक दिवस त्यांनी पडदे काढले, दिवे विकले, आणि डार्करूममधली पत्र्याची पेटी तेवढी घरी आणली.

पुढे ओळखीनं शाळेत कॉम्प्युटर लॅबमध्ये मदतनीस म्हणून चिकटले. सकाळी लॅब उघडायची, मशीनवरची आवरणं काढून घडी घालायची, मुलांना चपला बाहेर काढायला लावायच्या, आणि तास संपला की माऊस मोजून घ्यायचे, कारण माऊस जुन्या धाटणीचे होते आणि मुलं त्यातले रबरी चेंडू काढून गोट्या खेळायची.

“जन्मभर माणसांचे चेहरे बघितलेत,” काकू म्हणायच्या, “आता उंदीर मोजा.”

काकूंचा हा विनोद तीन वर्षं जुना झाला होता, पण काका दरवेळी हसायचे. संसारात असे दोन-चार विनोद ठेवावेच लागतात.

त्या वर्षी नववीच्या वर्गांना नवीनच काम आलं. मल्टिमीडिया प्रकल्प. कॉम्प्युटरच्या बाईंनी फळ्यावर लिहून दिलं : फोटो हवेत, आवाज हवा, हलती चित्रं हवीत, मजकूर हवा, आणि हे सगळं जोडून दहा मिनिटांत एक गोष्ट सांगायची. गोष्ट आपल्याच भागातली हवी. चार-चार जणांचे गट पडले. बहुतेक गटांनी दोन दिवसांत इंटरनेटवरून चित्रं उतरवून घेतली आणि वर कुठलं तरी बासरीचं संगीत चढवलं.

एक गट मात्र अडून बसला. त्यात पुढाकार होता चष्मिष नावाच्या मुलीचा. नाव अर्थातच दुसरं होतं, पण वर्गात तिला कोणी त्या नावानं हाक मारल्याचं काकांनी ऐकलं नव्हतं. बरोबर एक लंबू, एक सतत पुटपुटणारा, आणि आवाज रेकॉर्ड करायला उत्सुक असलेली एक मुलगी, जिला सगळे रेडिओ म्हणायचे.

“काका, तुमच्याकडे जुने फोटो असतील ना हो?” चष्मिषनं विचारलं.

“आहेत. पण माझे नाहीत.”

“मग कोणाचे?”

“ज्यांचे आहेत ते न्यायला आलेच नाहीत.”

चष्मिषनं चष्मा काढून फ्रॉकच्या टोकाला पुसला. “काका,” ती म्हणाली, “उद्या आणाल?”

काका पेटी घेऊनच आले. चौतीस वर्षांत लोकांनी काढायला लावलेले आणि मग न नेलेले फोटो होते त्यात. एकेका पाकिटावर काकांच्या अक्षरात नंबर, तारीख, नाव, कोणी सांगितला असेल तर पत्ता. तीनशेच्या वर पाकिटं. काकूंनी कितीदा तरी फेकायला सांगितली होती. “उद्या कोणी आलं तर?” हे काकांचं ठरलेलं उत्तर, आणि “दुकान कुठाय यायला?” हा काकूंचा ठरलेला प्रश्न.

मग जे दीड-दोन महिने गेले तसे काकांच्या आयुष्यात कधी आले नव्हते. मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर, चौघं लॅबमध्ये. एकेक फोटो स्कॅनरच्या काचेवर पालथा ठेवायचा आणि पडद्यावर तो उलगडताना बघायचा. काकांना ते डार्करूमसारखंच वाटलं. पाण्यातल्या कागदावर चेहरा हळूहळू वर यायचा, तसाच हा वरून खाली उतरत यायचा. मुलांना त्यांनी शिकवलं की फोटो कडेनं धरायचा, बोट उमटवायचं नाही. मुलांनी त्यांना शिकवलं की चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर कसं जायचं, आवाज कुठे चढवायचा. काकांनी आयुष्यात पहिल्यांदा माऊस मोजण्याऐवजी धरला.

आणि रविवारी पत्ते शोधत फिरायचं. निम्म्या घरांत दुसरीच माणसं राहत होती. पण सापडली ती माणसं! एका सुताराला त्याचा बावीस वर्षांपूर्वीचा फोटो दिला, तर त्यानं तो हातभर लांब धरला आणि बायकोला हाक मारली, “अगं, बघ, हा कोण हिरो आलाय!” एका गृहस्थांनी नोकरीच्या अर्जासाठी फोटो काढला होता. न्यायला आले तेव्हा दुकान बंद होतं, अर्ज गेला नाही, नोकरी गेली. त्या दिवशी काका सासऱ्यांना पोचवायला गेले होते. “म्हणजे तुमचे सासरे गेले म्हणून मी साहेब झालो नाही,” ते गृहस्थ म्हणाले आणि खोकला येईपर्यंत हसले. रेडिओनं खोकल्यासकट सगळं रेकॉर्ड केलं. एका म्हातारीनं नवऱ्याचा फोटो हातात घेतला, काहीच बोलली नाही, आणि मुलांना पाणी द्यायचं विसरून आत गेली ती बाहेर आलीच नाही. ते शांत अर्धं मिनिट चष्मिषनं प्रकल्पात तसंच ठेवलं. खाली संगीत घालायला तिनं नकार दिला. काकांना वाटलं, या पोरीला डोळा आहे.

शेवटी काही पाकिटं अशी उरली की ज्यांच्यावर पत्ताच नव्हता. मुलांनी त्यातले अकरा चेहरे निवडून प्रकल्पाचा शेवट केला. एकामागून एक चेहरा, आणि खाली ओळ : ‘यांना तुम्ही ओळखता का?’ काकांनी हरकत घेतली नाही. कॉम्प्युटरच्या बाईंनीही नाही. पुढे ज्यानं-त्यानं विचारलं, ‘तेव्हाच लक्षात कसं आलं नाही?’ पण तेव्हा सगळ्यांना तो शेवट फार छान वाटला होता, हीच खरी गोष्ट.

प्रकल्प दाखवायचा दिवस आला. मोठ्या वर्गाच्या खिडक्यांना काळे कागद लावले. नववीच्या दोन्ही तुकड्या जमिनीवर, पालक मागे बाकांवर. सुताराच्या हिरोवर टाळ्या पडल्या. म्हातारीच्या अर्ध्या मिनिटात मागची कुजबुज थांबली. मग ते अकरा चेहरे सुरू झाले. सातवा चेहरा एका तरुण बाईचा होता. मधोमध भांग, कानात बारीक खडे, समोर रोखलेली नजर.

‘ब’ तुकडीच्या रांगेत एकदम हशा पिकला.

“अगं, ही तर तूच!”

“केव्हा काढलास गं?”

ज्या मुलीला कोपरानं ढोसून हे म्हटलं जात होतं ती तिसऱ्या रांगेत बसली होती. तीही हसली. सगळ्यांबरोबर अगदी खळखळून हसली. काका प्रोजेक्टरपाशी उभे होते. त्यांनी पडद्याकडे बघितलं, मग तिच्याकडे. चेहरे बघण्यात जन्म गेलेल्या माणसाला एवढं पुरतं. त्यांचा हात प्रोजेक्टरच्या बटणाकडे गेला. पण तोवर आठवा चेहरा आला होता.

पुढचं त्यांना नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. त्या मुलीनं रात्री जेवताना घरी गंमत म्हणून सांगितलं, “बाबा, आज पडद्यावर माझ्यासारखी हुबेहूब बाई होती, कानातलंसुद्धा असंच.” वडील घास हातात धरून थांबले. आई उठून स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून उभी राहिली. भांडी घासायला काहीच नव्हतं, तरी नळ चालूच. पोरगी काही दुधखुळी नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी वडील मोठ्या बाईंच्या खोलीत आले. घड्याळं दुरुस्त करणारा माणूस. भिंग लावून लावून डाव्या डोळ्याभोवती गोल वळ उमटलेला. काकांना, कॉम्प्युटरच्या बाईंना आणि त्या चौघांना बोलावणं आलं. काकांची तयारी आरडाओरडा ऐकण्याची होती. तो माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं.

“बाई, ती गेली तेव्हा मुलगी सव्वा वर्षाची होती,” तो खालच्या आवाजात म्हणाला. “कुठे गेली, कोणाबरोबर गेली, मला आजतागायत माहीत नाही. घरातले सगळे फोटो मी तेव्हाच जाळले. वर्षानं दुसरं लग्न केलं. पोरीला हीच आई. तेरा वर्षं आम्ही जागा बदलून, नातेवाईक तोडून हे झाकून ठेवलं. आणि तुम्ही ते भिंतीएवढं करून दाखवलंत. वर विचारलंत, ओळखता का म्हणून.”



“आम्हाला खरंच माहीत नव्हतं,” चष्मिष म्हणाली. ती रडत होती.

“तुला कसं असणार, बाळ,” तो म्हणाला, आणि मग काकांकडे वळला. “तुम्हाला तरी कळायला हवं होतं. लोक फोटो न्यायला येत नाहीत, त्याला काहीतरी कारण असतं.”

काकांनी मान खाली घातली. “चूक माझीच आहे. मुलांचा काही दोष नाही.”

मोठ्या बाईंनी तिथेच निकाल लावला. प्रकल्प मशीनवरून पुसायचा, पेन ड्राइव्ह रिकामा करायचा, पाकीट वडिलांना द्यायचं. लंबूनं त्यांच्यादेखत सगळं पुसलं. ‘नक्की पुसायचं का?’ असं मशीननं विचारलं, तेव्हा त्यानं सगळ्यांकडे बघितलं आणि बटण दाबलं. काकांनी पाकीट आणून दिलं. आठ फोटो आणि एक निगेटिव्ह. वर काकांच्या अक्षरात नंबर, तारीख, नाव आणि एक शब्द : ‘घाईचे’. वडिलांनी एक फोटो अर्धवट बाहेर काढला, क्षणभर बघितला, परत सारला, आणि पाकीट शर्टाच्या आत छातीशी घातलं.

आठवड्याभरानं काकांना सांगण्यात आलं की पुढच्या महिन्यापासून यायची गरज नाही. मोठ्या बाई वाईट नव्हत्या. त्यांनी चहा मागवला होता. “पालकांत फार चर्चा झाली हो, काका. माझाही नाइलाज आहे.” काकांनी चहा प्यायला, माऊस मोजून दिले आणि किल्ली टेबलावर ठेवली. चष्मिषच्या गटानं घाईघाईनं ‘पाणी वाचवा’ नावाचा दुसरा प्रकल्प केला. चित्रं इंटरनेटवरची, संगीत बासरीचं. त्याला पहिला नंबर मिळाला. हे सांगायला ती स्वतः काकांच्या घरी आली, आणि शरम वाटावी तसं सांगून गेली.

महिन्याभरानं दुपारी पुन्हा दार वाजलं. काकूंनी उघडलं. दारात शाळेच्या कपड्यात ती ‘ब’ तुकडीतली मुलगी.

“फोटोकाका इथेच राहतात?”

काका बाहेर आले आणि तिला बघून त्यांनी खुर्ची पुढे ओढली. काकूंनी तिला बसवलं, पाणी दिलं. तिनं पेला हातातच ठेवला.

“तुमच्याकडे एखादा तरी फोटो राहिला असेल ना? निगेटिव्ह तरी?”

“नाही गं. सगळं तुझ्या बाबांकडे दिलं.”

“बाबांनी गॅसवर धरून जाळलं. मी हात धरला त्यांचा, तरी जाळलं. मी फक्त तेवढंच बघितलंय, पडद्यावर. तेव्हा तर मी हसत होते.” तिनं मान वर केली. “तुम्ही काढलात ना फोटो? ती काय बोलली तुमच्याशी?”

काकांना काहीएक आठवत नव्हतं. दिवसाला वीस-वीस माणसं यायची स्टुलावर. त्या बाईचा आवाज, तिच्याबरोबर कोणी होतं की नाही, ती आली तो दिवस, काही काही उरलं नव्हतं. समोर पोरगी एका वाक्याची वाट बघत होती. काकू काकांकडे बघत होत्या आणि डोळ्यांनी सांगत होत्या, सांगा काहीतरी.

“मला आठवत नाही, बाळ,” काका म्हणाले.

मुलीनं मान हलवली. पेला खाली ठेवून उठायला लागली.

“थांब. ती आठवत नाही, पण फोटो आठवतो. स्कॅन करून त्यावरचे डाग काढताना तास-दीड तास माझ्या पुढ्यात होता. सांगू?”

ती परत बसली. काकांनी डोळे मिटले आणि सांगायला लागले. केस मधोमध दुभागलेले, पण भांग जरा डावीकडे सरकलेला, घाईत विंचरल्यासारखा. डावा कान उजव्यापेक्षा बारीकसा वर. तुझाही आहे. भुवया जाड, मध्ये एक केसही नाही. वरच्या ओठाच्या कडेला तीळ, तुला नाही तो. खालचा ओठ दातांखाली धरून नुकताच सोडल्यासारखा. कॉलरची इस्त्री मोडलेली. नजर कॅमेऱ्याकडे नाही, कॅमेऱ्याच्या किंचित वर, म्हणजे माझ्याकडे.

मुलगी एकेक शब्द गिळत होती. हात आपोआप कानाकडे गेला होता.

“हसत होती?”

“पासपोर्ट साइजच्या फोटोत हसू देत नाहीत.”

“मग कशी दिसत होती?”

काकांनी स्वतःच्या डोळ्याखालून बोट फिरवलं. मग म्हणाले, “डोळ्यांखाली मी ब्रशनं टचिंग केलं होतं. माझाच हात, मी ओळखला. डोळे सुजलेले असले की मी करायचो, फोटो बरा दिसावा म्हणून.”

“म्हणजे ती रडून आली होती?”

“असेल.”

“म्हणजे तिला जायचं नव्हतं?”

काकांनी डोळे उघडले. “ते मला कसं सांगता येईल? माणसाला दोन रात्री झोप लागली नाही तरी डोळे सुजतात. मी नुसता फोटो काढतो गं. आतलं मला दिसत नाही.”

ती गेल्यावर काकू कधी नव्हे ते चिडल्या. “‘तुझं नाव काढून रडत होती’ एवढं म्हणाला असता तर तुमची जीभ झडली असती का? पोरीनं जन्मभर उराशी धरलं असतं ते!”

“ब्रशनं जन्मभर खोटंच बोललो,” काका म्हणाले. “तोंडानं जमलं नाही.”

पण त्या दिवसापासून ते स्वतःशीच भांडत राहिले. कधी वाटायचं खरं सांगितलं ते बरं, कधी वाटायचं, कसलं खरं? टचिंगचं तरी कशाला सांगितलं? तिथेच गप्प बसायला हवं होतं. शेवटी एकदा त्यांनी पेटी खाली घेतली आणि काकूंबरोबर कात्री घेऊन बसले. तीन दुपारी लागल्या. आधी निगेटिव्ह उभी कापायची, मग फोटो. काकू, ज्या इतकी वर्षं फेका फेका म्हणत होत्या, त्या प्रत्येक चेहरा कापण्याआधी थांबून बघायच्या आणि म्हणायच्या, “ही किती गोड आहे हो.” काका न बघता कापत होते.

पुढे काकांना कोर्टाजवळच्या झेरॉक्सच्या दुकानात काम मिळालं. कागद घ्यायचा, पालथा घालायचा, प्रत काढायची. ओळखपत्रं, दाखले, करार. चेहऱ्यांकडे बघायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं आणि ते बऱ्यापैकी जमत होतं.

वर्ष संपता संपता एक बाई दुकानात आली. गळ्यात शिवणकामाची टेप तशीच राहिलेली, बोटाला चिकटपट्टी. तिनं शाळा सोडल्याचा दाखला पुढे केला. पालथा घालण्याआधी काकांकडून नाव वाचलं गेलं, ‘ब’ तुकडीतल्या त्या मुलीचं. वर बघितलं तर बाई त्यांच्याकडेच बघत होती.

“तुम्ही फोटोकाका ना?”

“हो.”

“आम्ही गाव बदलतोय. यांना तिकडे दुकान मिळालंय.”

काकांनी मान हलवली.

“ती आली होती तुमच्याकडे. मला सांगितलं तिनं.” बाईच्या आवाजात राग नव्हता. बाहेर रस्त्यावर कोणी तरी गाडी लावत होतं, ती तिकडे बघत बोलत होती. “भांडत नाही हो ती. त्रासही देत नाही. सगळं ऐकते. पूर्वी ‘ए आई, भूक लागली’ म्हणून हाका मारायची, डोकं उठवायची. आता म्हणते, ‘तुम्ही बसा, मी घेते वाढून.’”

मशीनचा दिवा या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकला.

“मला ‘तुम्ही’ म्हणते,” ती पुन्हा म्हणाली, जणू काकांना नीट ऐकू गेलं नसावं.

काकांना वाटलं, माफी मागावी. मग वाटलं, मागून हिचं काय होणार आहे? मशीनमधून प्रत बाहेर आली, अजून गरम होती. त्यांनी ती दाखल्याबरोबर जुळवून घेतली, कडा सारख्या केल्या.

“दोन प्रती पुरतील?” त्यांनी विचारलं.

“पुरतील,” ती म्हणाली. दाखला पिशवीत ठेवून ती पायऱ्या उतरली. मागचा माणूस केव्हाचा कागद पुढे करून उभा होता. काकांनी तो घेतला आणि काचेवर पालथा घातला.